कसारा घाटातला पाऊस आणि हजारो प्रोसेसर

कसारा आणि इगतपुरी या स्थानकांत रेल्वेने सुमारे १५ किलोमीटरचेच अंतर असले, तरी मधल्या थळ घाटात ३७ फुटांना एक फूट असा खडा चढ आहे, आणि अरबी समुद्रावरून आलेले बाष्पयुक्त वारे याच कड्याला थडकून वर चढताना थंड होतात व पाऊस पाडतात. वातावरणाची १२ किलोमीटरच्या चौकोनांत विभागणी करणाऱ्या गणिती प्रारूपाला घाटाचा पायथा आणि माथा धड वेगळे दिसत नाहीत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेल्या आणि मे २०२५ मध्ये सेवेत आलेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ने चौकोनाची ही बाजू सुमारे ६ किलोमीटरवर आणली. चौकोनाची बाजू निम्मी झाली की चौकोन चौपट होतात, शिवाय काळाचे टप्पेही सामान्यतः निम्मे करावे लागतात, म्हणजे आकडेमोड ढोबळमानाने आठपट वाढते. ‘अर्क’सारखा महासंगणक हवा तो त्यासाठी.

हे काम एकाच वेळी हजारो प्रोसेसरना वाटून देणे म्हणजे समांतर संगणन. सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेने १९९१ मध्ये पुण्यात घडवलेल्या ‘परम ८०००’ या महासंगणकामध्ये प्रत्येक प्रोसेसरची स्मृती स्वतंत्र होती, त्यामुळे कोणी कोणाला कोणता आकडा केव्हा धाडायचा, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागे, दोन प्रोसेसर परस्परांच्या निरोपाची वाट पाहत बसले, तर सारे काम ठप्प. पुढे आलेल्या एमपीआय या प्रमाणित पद्धतीने निरोपांना शिस्त लावली, पण ओझे फारसे उतरवले नाही. उच्चस्तरीय पद्धती ते उतरवू पाहतात: १९९७ च्या ओपनएमपीमध्ये, सामाईक स्मृती असलेल्या यंत्रावर, आवर्तनाच्या (लूपच्या) माथ्यावर एक सूचना लिहिली की वाटणी आपोआप होते. देशभरच्या संस्थांची भिन्न यंत्रे जोडणाऱ्या सी-डॅकच्या ‘गरुडा’ ग्रिडमध्ये तर काम कोणत्या यंत्रावर धाडायचे, हेही मध्यस्थ सॉफ्टवेअरवर सोपवलेले होते.

तथापि आपोआप वाटणीच्या या सोयीला घाट नडतो. निरभ्र आकाशाखालच्या चौकोनाचे गणित लवकर उरकते, तर कसाऱ्यावर ढग दाटले असता थेंब, बर्फकण आणि उष्णता यांचा हिशेब लांबतो, आणि बाकीचे प्रोसेसर तोवर ताटकळतात. यावर कामाचे तुकडे लहान करून, जो मोकळा होईल त्याला पुढचा तुकडा देण्याची सोय ओपनएमपीत आहे. मात्र प्रत्येक वाटपालाही वेळ लागतो, म्हणून तुकडा किती लहान ठेवायचा, हे अजूनही बहुधा शास्त्रज्ञांनाच चालवून पाहून ठरवावे लागते.