पोचट कोष आणि पेशीतली तपासणी

बीडच्या बाजार समितीत रेशीम कोष आले की व्यापारी मूठभर उचलतो, दाबून पाहतो. पोचट लागले की भाव पडतो. मग पाला कमी पडला, रोग आला, शेड तापलं अशी कारणं निघतात. बहुतेकदा ती खरीच असतात. मात्र पाला चांगला असला की रेशीम आपोआप चांगलं होतं, हा समज अर्धाच खरा.

अळी पाल्याचा धागा करत नाही. तुतीतली प्रथिनं पचून अमिनो आम्लं सुटी होतात आणि रेशीमग्रंथीच्या पेशी त्यांतून फायब्रॉइन हे नवं प्रथिन रचतात. त्यात एक प्रचंड साखळी, एक छोटी साखळी आणि पी-25 नावाचं तिसरं प्रथिन, 6:6:1 या प्रमाणात. मोठ्या साखळीला छोटी नीट जोडली गेली तरच पेशी तो माल बाहेर सोडते. जपानमध्ये अभ्यासलेल्या काही उत्परिवर्तित वाणांत छोटी साखळीच सदोष असते. मोठी साखळी बनते, पण जोडीदाराविना पेशीतच अडते. अशी अळी जवळजवळ निव्वळ सेरिसिनचा, म्हणजे रेशमावरच्या डिंकाचा, पातळ कोष करते. (शेतातल्या पोचट कोषांना हा दोष लावू नये, तिथे रोग आणि हवामानच आधी तपासावं.)

पेशीची ही तपासणी कधीच चुकत नाही, असंही नाही. सिस्टिक फायब्रोसिस या आजारात बहुसंख्य रुग्णांच्या एका प्रथिनात 508व्या जागचं एकच अमिनो आम्ल गळालेलं असतं. हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर पोचलं, तर थोडंफार काम करू शकतं. पण साखळीची घडी बिघडली म्हणून पेशीतले तपासनीस त्याला वाटेतच अडवतात, त्यावर युबिक्विटिन नावाची खूण लागते आणि ते मोडीत जातं. या खुणेचा शोध लावणाऱ्या चिखानोव्हर, हर्श्को आणि रोझ यांना 2004चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आज काही औषधं या प्रथिनाची घडीच सावरतात.

‘अळीला ऊन सवयीचं होतं’ हा आणखी एक समज. 1962मध्ये इटलीच्या फेरूच्चो रितोसांनी उष्णतेने फळमाशीची काही विशिष्ट जनुकं जागी होताना पाहिली. त्यांतली बरीच जनुकं उष्माघात प्रथिनांची होती, हे पुढे उलगडलं. ही प्रथिनं बिघडू लागलेल्या घड्या सावरतात. रेशीम अळीकडेही ती आहेत, पण त्यांची ताकद मर्यादित आहे. अळीला साधारण 25 अंशांच्या आसपासची हवा मानवते आणि बीडचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. ओली गोणपाटं म्हणूनच लागतात.

राहिला मोबाइलवर फिरणारा दावा: सोळा तास उपाशी राहा, तेव्हाच पेशी स्वतःची सफाई सुरू करते. 2016मध्ये योशिनोरी ओसुमींना नोबेल मिळालं ते स्वभक्षणाची, म्हणजे याच सफाईची, यंत्रणा उलगडल्याबद्दल, आणि तेही प्रामुख्याने किण्वावरच्या प्रयोगांतून. उपासाने ती वेग घेते हे खरं, पण मंदगतीने ती एरवीही चालू असते. कोष विणून झाल्यावर अळीची रेशीमग्रंथीही याच यंत्रणेच्या मदतीने विरघळते. अळीने तेव्हा खाणं सोडलेलं असतं, तरी मुख्य हुकूम एकडायसोन या संप्रेरकाचा असतो, भुकेचा नव्हे. माणसात तर सगळ्या अवयवांना लागू पडेल असा तासांचा एकच आकडा नाही.