लुगडं गुडघ्यावर, नजर समोर

स्मिता पाटीलचं नाव काढलं की चार वस्तू हटकून पुढे येतात. सुती साडी, ठसठशीत कुंकू, सैल वेणी आणि चांदीचे दागिने. १३ डिसेंबर १९८६ ला ती गेली, तेव्हा अवघी ३१ वर्षांची होती. त्याला आता चाळीस वर्षं होत आली, तरी हातमागाच्या दुकानातल्या साडीला, दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाला, 'साधी पण रुबाबदार' अशा कुठल्याही बाईला तिचीच उपमा मिळते. ही यादी खोटी नाही, पण तिच्यामुळे भलत्याच गोष्टीकडे लक्ष जातं, असं मला वाटतं. स्मिताने जो ठसा मागे ठेवला तो कपड्यांच्या कपाटात सापडणार नाही. कपडा नेसलेल्या बाईकडे कसं बघायचं आणि तिने आपल्याकडे कसं बघायचं, या व्यवहारात तिने काहीतरी बदललं. हे ताडून पाहायला पुण्या-मुंबईच्या फॅशनच्या दुकानांपेक्षा रायगडातलं महाड जास्त उपयोगाचं आहे.

महाडचं नाव आपण चवदार तळ्यासाठी घेतो. मार्च १९२७ चा पाण्याचा सत्याग्रह आणि त्याच वर्षी डिसेंबरात तिथल्या परिषदेत झालेलं मनुस्मृतीचं दहन सर्वांना ठाऊक असतं. डिसेंबरच्या त्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दलित स्त्रियांसमोर केलेलं भाषण मात्र कमी आठवलं जातं. त्या भाषणात लुगडं होतं, दागिने होते. गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं लुगडं, गळाभर गळसऱ्या, कोपरापर्यंत चढवलेले गोट या गोष्टी आवड म्हणून अंगावर आलेल्या नाहीत, लांबूनच जात ओळखू यावी म्हणून त्या आहेत, तेव्हा त्या सोडा, असं त्यांचं सांगणं होतं. बायकांनी ते लगोलग अमलात आणलं. लक्ष्मीबाई टिपणीस आणि इंदिराबाई चित्रे यांनी त्यांना लुगडं घोट्यापर्यंत नेसायला मदत केली. चार बोटं खाली आलेल्या काठाने केवढी उलथापालथ होते, हे महाडला आपला सिनेमा बोलू लागण्याच्या आधीच कळलेलं होतं.

बरोबर पन्नास वर्षांनी, १९७७ साली, 'जैत रे जैत' आला. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, महानोरांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. रायगडच्याच डोंगरातल्या ठाकर आदिवासींची ही गोष्ट, आणि तिच्यातली चिंधी म्हणजे स्मिता. लुगडं गुडघ्यावर, गळ्यात मण्यांच्या माळा. शहरातल्या प्रेक्षकाला ती विलक्षण सुंदर वाटली. इथेच सगळ्यात अवघड आक्षेप उभा राहतो. जो वेश टाकून देणं ही एका समाजाच्या बायकांची सुटका होती, तसाच वेश मंत्री राहिलेल्या शिवाजीराव पाटलांच्या शिकल्यासवरल्या मुलीने चार दिवस अंगावर घ्यावा आणि त्यावर सगळ्यांनी खूश व्हावं, हे काय आहे? चित्रीकरण संपलं की तिला तो उतरवून ठेवता येत होता. ठाकर आणि महाडच्या परिषदेला आलेल्या स्त्रिया हे समाज वेगळे, त्यांचे इतिहासही वेगळे, हे मान्य. पण डोंगरातल्या गरिबीचं चित्र करून भिंतीवर टांगायची शहरी सवय दोघांच्याही वाट्याला येते. शाळांच्या स्नेहसंमेलनात आजही 'जैत रे जैत'ची गाणी वाजतात आणि भाड्याने आणलेल्या ठाकरी वेशात मुली नाचतात. त्यातल्या किती जणींना ठाकरवाडीत पाणी कुठून येतं ते ठाऊक असेल?

आक्षेप खरा आहे, पण तो वेशाला लागू पडतो. चिंधी काय करते ते पाहिलं की तो थोडा सैल होतो. ती कुणाची शोभा म्हणून पडद्यावर येत नाही. नको असलेला नवरा ती सोडते, हवा तो पुरुष स्वतः निवडते, आणि कॅमेऱ्यासमोर अंग चोरून उभी राहत नाही. त्याच वर्षीच्या 'भूमिका'मध्ये हे आणखी स्वच्छ दिसतं. हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर बेतलेल्या या चित्रपटासाठी स्मिताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. यातली नटी सतत कपडे बदलते. तमाशातली नऊवारी, पौराणिक राणीचा थाट, आधुनिक नायिकेचा झगमगाट. आणि सगळ्यात शालीन, घरंदाज साडी तिच्या अंगावर येते ती जमीनदाराच्या वाड्यात, जिथून तिला बाहेर पाऊल टाकायची मुभा नसते. प्रतिष्ठेचा वेश हाच तुरुंग! १९८२ च्या 'उंबरठा'तली सुलभा महाजन कडक सुती साड्या नेसते, आणि पुढे त्याच साड्यांचा 'स्मिता पाटील लूक' झाला. पण त्या साड्या एका सुधारगृहाच्या अधीक्षिकेच्या आहेत, कामावरच्या आहेत. नोकरीसाठी घर सोडलेली आणि शेवटी ते कायमचं सोडणारी बाई त्या नेसते. आपण साडी उचलली आणि उंबरठा तिथेच ठेवला. मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचायची तेव्हा स्मिता जीन्सवरच साडी गुंडाळायची, ही गोष्ट नेहमी गंमत म्हणून सांगतात. मला ती गंमत वाटत नाही. कपडा ही भूमिका आहे आणि आपण तिच्याहून वेगळ्या आहोत, हे तिला विशीच्या आतबाहेरच उमगलं होतं. राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारांचाही त्यात वाटा असावा.

कुणी म्हणेल, समांतर सिनेमा पाहिला किती जणांनी? कोकणातल्या गावांत जत्रेच्या पडद्यावर जयश्री गडकरच राज्य करत होती. खरं आहे, आणि नऊवारीच्या रुबाबाचं श्रेय गडकरांना द्यायलाच हवं. पण तिचाच 'मंथन' हा चित्रपट गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घालून उभा केला होता, तेव्हा हा सगळा प्रकार मूठभर शहरी रसिकांचा होता असंही म्हणता येत नाही. पुढे दूरदर्शनने हे चित्रपट घराघरांत नेले. दुसरा मुद्दा रंगाचा. सावळी नायिका आली म्हणून गोरेपणाचं वेड गेलं का? अजिबात नाही. 'फेअर अँड लव्हली' बाजारात आली १९७५ साली, म्हणजे स्मिताच्या पदार्पणाच्याच सुमारास, आणि नावातला 'फेअर' गळायला २०२० उजाडलं. इथे ती हरली, असं सरळ म्हणावं. आणि 'चक्र'ची जाहिरात तर तिच्या विरोधातच उभी राहिली. जयवंत दळवींच्या कादंबरीवरच्या या चित्रपटात झोपडपट्टीतली बाई उघड्यावर आंघोळ करते. ते दृश्य दारिद्र्याचं होतं, वितरकांनी पोस्टरवर त्याचा माल केला. बाईची नजर आणि बघ्याची नजर यांतली ही झटापट एका नटीच्या हातून मिटणारी नव्हतीच. पण झटापट आहे हे दिसू लागलं, ते तिच्यामुळे.

डोंगरातल्या बायकांवर कॅमेरा एरवी रोखला जातो तो कधी, हे महाड तालुक्याने पाहिलं आहे. २२ जुलै २०२१ ला तळीये गावावर दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसं गेली, आणि त्यानंतर देशभरच्या वाहिन्या त्या चढावर पोचल्या. पडद्यावर आल्या त्या रडणाऱ्या बायका. दुःख खोटं नव्हतं, पण तेवढंच टिपलं गेलं. याउलट 'मिर्च मसाला'च्या अखेरच्या दृश्यात, जे लोकांनी स्मिता गेल्यावर पाहिलं, तिची सोनबाई विळा घेऊन उभी असते आणि चौकट तिच्यावर थांबते. तिच्या घागऱ्याचा रंग फार थोड्यांच्या ध्यानात राहिला असेल. तळीयेच्या आसपास, महाड-पोलादपूरच्या खाचरांत आज भाताची लावणी करणाऱ्या बाईच्या अंगावर पुष्कळदा गाऊन असतो, वरून नवऱ्याचा जुना फुलशर्ट, डोक्याला टॉवेल आणि पाठीवर प्लास्टिकचा कागद. तो गाऊन ना गुडघ्यावर खोचलेला आहे ना घोट्यापर्यंत आणलेला, कुणाच्या सांगण्यावरून घातलेलाही नाही. स्नेहसंमेलनासाठी कपडे भाड्याने देणाऱ्या दुकानात हा वेश अजून कुणी मागत नाही.