कोंबडी काय म्हणतेय, ऐकताय ना?

परसातल्या कोंबड्यांचा कलकलाट म्हणजे आपल्याला नुसता गोंगाट वाटतो. पण घार आली, मुंगूस आलं, दाणे सापडले, पिल्लू हरवलं.. प्रत्येक गोष्टीचा आवाज वेगळा असतो. तो ओळखता आला तर एखादीचा जीव वाचतो आणि घरातली चार पैशांची कमाईही!

सुट्टीत गावी गेलात की सकाळी सगळ्यात आधी कुणाचा राग येतो?

कोंबड्याचा! रात्री दोनपर्यंत रील्स बघून आपण झोपलेलो असतो आणि हा पठ्ठ्या साडेचारला सुरू. उशी डोक्यावर घ्यायची, कूस बदलायची. मग दिवसभर परसात कोंबड्यांची कॉक कॉक चालूच. आपण इअरफोन घालतो. विषय संपला.

मीही तेच करायचे. मागच्या उन्हाळ्यापर्यंत.

परीक्षा संपवून पाटणकडच्या आमच्या वाडीत गेले होते. पडवीच्या कोपऱ्यात टोपलीत एक कोंबडी खुडूक बसलेली. तिच्या खाली अकरा अंडी आणि त्या दिवशी सतरावा दिवस. आई रानात गेलेली. जाताना एवढंच म्हणाली, 'टोपलीकडं लक्ष ठेव गं.' दुपारी बाराच्या सुमाराला मागच्या दारी आवाज सुरू झाला. कॉक-कॉक-कॉक-कॉकाऽऽक! मी एका कानातला इअरफोन काढला, 'कुणीतरी अंडं घातलं वाटतं' असं म्हटलं आणि परत घातला.

संध्याकाळी आई आली तेव्हा टोपलीत पिसं होती आणि फुटलेली अंडी. मुंगूस येऊन गेलं होतं.

'कोंबड्या वरडल्या न्हाईत व्हय गं?' आईनं विचारलं.

वरडल्या होत्या. मी ऐकलंही होतं. मला कळलं नव्हतं. आई काही बोलली नाही. गावठी कोंबड्या आणि अंडी विकून आठवडी बाजारात जे पैसे येतात, त्यातूनच माझ्या मोबाइलचा रिचार्ज होतो, हे मात्र मला त्या रात्री आठवत राहिलं.

आजी म्हणाली, 'अंडं घातल्यावर येकटी वरडती. मागनं बाकीच्या नुसती साथ देत्यात. ह्या समद्या येकदम वरडत व्हत्या न्हवं? मग ते भ्याचं वरडणं. कान द्यायला शिक.'

तेव्हापासून मी कान द्यायला शिकतेय. आणि वाचायलाही लागले. तेव्हा कळलं की आजी जे एका वाक्यात म्हणाली, त्यावर जगभरातल्या अभ्यासकांनी आयुष्यं घालवली आहेत.

वरून की खालून?

निकोलस कोलियास या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९५३ साली मार्टिन जूस यांच्यासोबत कोंबड्यांच्या आवाजांचे ध्वनिआलेख काढले. पुढे १९८७ मध्ये त्यांनी तांबड्या रानकोंबड्याच्या आवाजांची यादी केली. किती असतील? सुमारे दोन डझन! हा तांबडा रानकोंबडा म्हणजे आपल्या कोंबड्यांचा मूळपुरुष.

दुसरा पूर्वज तर आपल्या दाराशीच आहे. सह्याद्रीत ट्रेकला गेल्यावर भल्या पहाटे झाडीतून तुटक, घोगरी बांग ऐकलीय कधी? तो राखी रानकोंबडा. गावठी कोंबडीच्या कातडीचा पिवळेपणा या राखी रानकोंबड्याकडून आला, असं २००८ च्या एका जनुकीय अभ्यासात दिसलं. म्हणजे परसात जे चालतं ती मुळात जंगलातली भाषा आहे. झाडीत एकमेकांना बघता येत नाही, तेव्हा आवाजानंच सांगावं लागतं.

त्यातली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे धोक्याचे दोन वेगळे आवाज. आकाशात घार किंवा शिक्रा दिसला तर कोंबडा बारीक, लांबट, शीळ घातल्यासारखा आवाज काढतो. हा आवाज नेमका कुठून आला ते पटकन कळत नाही. म्हणजे इशाराही दिला आणि आपला पत्ताही लपवला! पण कुत्रा, मांजर, मुंगूस असं काही जमिनीवरून आलं तर मोठ्यानं, तुटक कॉक-कॉक-कॉक-कॉकाऽऽक. इथं लपवाछपवी नाही. 'आम्ही तुला पाहिलंय' हे चोरालाही कळलेलं बरंच.

पण ही नुसती घाबरून निघालेली किंकाळी कशावरून नाही? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या ख्रिस इव्हान्स, लिंडा इव्हान्स आणि पीटर मार्लर यांनी १९९३ मध्ये यावर एक प्रयोग मांडला. कोंबड्यांना फक्त रेकॉर्ड केलेले आवाज ऐकवले. समोर ना घार, ना कुठला प्राणी. तरी 'घारीचा' आवाज लागला की कोंबड्या आडोशाला पळाल्या, दबून बसल्या, वर बघू लागल्या. 'जमिनीवरचा' आवाज लागला की ताठ उभ्या राहून आजूबाजूला बघू लागल्या. म्हणजे त्या आवाजात 'भीती वाटते' एवढंच नव्हतं. कुठं बघायचं, तेही होतं.

आणखी एक गंमत. कोंबडा एकटा असेल तर घार दिसूनही बऱ्याचदा गप्प बसतो. जवळ कोंबडी असेल तर ओरडण्याचं प्रमाण वाढतं. ऐकणारं कुणी आहे का, हे बघून तो बोलतो.

दाणे सापडल्याची थाप

कोंबड्याला दाणा सापडला की तो स्वतः खात नाही. मान खाली-वर करतो, दाणा उचलतो, टाकतो आणि भरभर टुक-टुक-टुक करतो. कोंबड्या धावत येतात.

हाही आवाज रेकॉर्ड करून ऐकवला तर कोंबड्या खाली बघून शोधू लागतात. पण त्यांना नुकतेच दाणे मिळालेले असतील तर तो ऐकून फारशी शोधाशोध करत नाहीत. 'खाणं आहे' ही बातमी त्यांना आधीच माहीत असते ना!

आणि हो, कोंबडे थापाही मारतात. चोचीत खाण्यासारखं काहीच नसताना टुक-टुक करतात. कोंबडी लांब असेल तेव्हा हे जास्त, कारण तिथून तिला दाणा आहे की खडा ते दिसत नाही. कॉलेजच्या कट्ट्यावर असे नमुने आपण पाहिलेत, नाही का?

पहाटेच्या बांगेचंही गणित आहे. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की, कोंबडे अंधुक प्रकाशातच ठेवले, खरी पहाट दिसूच दिली नाही, तरी ते शरीरातल्या घड्याळावर वेळेआधी आरवतात. २०१५ मध्ये त्यांनीच पुढचं सांगितलं. कळपात ज्याचा मान मोठा तो आधी आरवतो, बाकीचे क्रमानं त्याच्यामागून. तेव्हा साडेचारला उठवणारा तो तुमचा शत्रू नव्हे, वाडीतला दादा असतो.

आई आणि पिल्लू

खुडूक कोंबडीचा क्लुक.. क्लुक.. असा खालच्या पट्टीतला आवाज तुम्ही ऐकला असेल. पिल्लं त्या आवाजाच्या मागं मागं चालतात. आणि पिल्लांचं? कोलियास आणि जूस यांनी आलेखावरच दाखवलं की, खुशीतल्या पिल्लाचा आवाज हळू असतो आणि वर चढत जातो. हरवलेल्या, गारठलेल्या पिल्लाचा आवाज मोठा असतो आणि खाली उतरत जातो. एकदा फरक कळला की तो विसरता येत नाही.

कोंबडीसाठी हा आवाज किती मोठा आहे, ते याकोब फॉन उक्सक्युल यांनी १९३४ च्या पुस्तकात लिहिलंय. पिल्लू बांधून ठेवलं, ते दिसत नाही पण त्याचं ओरडणं ऐकू येतंय, तर कोंबडी पिसं फुगवून आवाजाच्या दिशेनं धावते. तेच पिल्लू काचेच्या घुमटाखाली तिच्या डोळ्यांसमोर तडफडतंय, पण आवाज येत नाही, तर ती ढिम्म. हे वाचलं तेव्हा मी कानातले इअरफोन काढून ठेवले.

मोठ्या पोल्ट्रीतही आता या आवाजाला किंमत आलीय. हजारो पिल्लांच्या शेडमध्ये माइक लावून केलेल्या २०२० च्या एका ब्रिटिश अभ्यासात दिसलं की, सुरुवातीच्या दिवसांत असं व्याकूळ ओरडणं जिथं जास्त, तिथं पुढे मरतूक जास्त आणि वजनवाढ कमी.

मग अंडं की मुंगूस?

आता माझी चूक. अंडं घातल्यावरचं ओरडणं आणि जमिनीवरच्या धोक्याचं ओरडणं आपल्या कानाला जवळजवळ सारखंच वाटतं. म्हणून नुसतं ऐकून भागत नाही, बघावं लागतं.

अंडं घालणं बहुधा सकाळी ते दुपारपर्यंत चालतं. ओरडणारी एक असते, नुकतीच खोप्यातून किंवा खुराड्यातून बाहेर आलेली. ओरडत ओरडत ती चालू लागते, थोड्या वेळानं दाणे टिपते. धोका असेल तर बऱ्याच जणी एकदम ओरडतात, माना ताठ, पाय जागच्या जागी आणि सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. ती बाजू बघा. चोर तिथंच असतो.

आपल्याला हे जमेल का? जमेल! ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी लोकांना कोंबड्यांचे आवाज ऐकवले. काही आवाज खाऊ मिळणार म्हणून खूश झालेल्या कोंबड्यांचे, काही न मिळाल्यानं वैतागलेल्या कोंबड्यांचे. २०२४ मध्ये छापून आलेल्या या अभ्यासात ६९ टक्के वेळा लोकांनी बरोबर ओळखलं.

रात्री पाच मिनिटं

एक आवाज मात्र दिवसा सापडत नाही. कोंबड्या खुराड्यात बसल्या, सगळं शांत झालं की पाच मिनिटं बाहेर उभं राहा. घरघर, शिंका, धाप लागल्यासारखा आवाज येतोय? तो बोलण्याचा नव्हे, आजाराचा आवाज आहे. मानमोडी म्हणजे रानीखेत रोगात मान वाकडी होणं, हिरवट हगवण ही लक्षणं दिसतात, पण श्वासाची घरघरही असते. ती ऐकलीत तर ती कोंबडी लगेच वेगळी ठेवा आणि सकाळी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. पिल्लांना लहानपणीच लासोटाचे थेंब दिलेत का, तेही विचारा. एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या तर उघड्या हातानं उचलू नका, दवाखान्यात आधी कळवा. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला होता, तेव्हा तिथल्या कोंबडीवाल्यांचं काय झालं ते तिथल्या कुणालाही विचारा.

ऐका, बघा, ओळखा

* बारीक लांब शीळ, सगळ्या आडोशाला : वर बघा, घार किंवा शिक्रा.
* मोठ्यानं कॉक-कॉक-कॉकाऽऽक, माना ताठ : मांजर, कुत्रा, मुंगूस. धावा!
* तेच ओरडणं, पण एकटीचं आणि खोप्याजवळ : अंडं.
* भरभर टुक-टुक-टुक : खाणं सापडलं (किंवा थाप!).
* लांबलचक, कण्हल्यासारखी कुरकुर : काहीतरी अडलंय. खोप्याची वाट बंद आहे का, दाणा-पाणी आहे का ते बघा.
* पिल्लाची मोठी, खाली उतरणारी चीं-चीं : हरवलंय किंवा गारठलंय.
* टोपलीत हात घालताच गुरगुर आणि फुगलेली पिसं : खुडूक आहे. हात काढा.
* रात्री घरघर : दवाखाना.

सुरुवात कशी करायची? सकाळी पंधरा मिनिटं परसात बसा. मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि प्रत्येक आवाजापुढे त्या वेळी काय घडत होतं ते बोलून ठेवा. आठवड्याभरात तुमच्या कोंबड्यांचा तुमचा स्वतःचा शब्दकोश तयार होईल. आणि घरात आजी असेल तर रेकॉर्डिंग तिला ऐकवा. बरोबर-चूक तीच सांगेल.

यंदा आईनं परत खुडूक बसवलीय. नऊ अंडी. टोपलीवर आता डालगं झाकतो आणि वर दगड ठेवतो. मी आतापर्यंत तीनदा काठी घेऊन धावले. एकदा शेजारचा बोका निघाला, दोनदा नुसतं अंडं. आजी पोट धरून हसली. हसू दे.

एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात, पण त्याच्या एक-दोन दिवस आधीच ती अंड्यातून बोलायला लागतात आणि कोंबडी वरून हळू आवाजात उत्तर देते. बुधवारी विसावा दिवस आहे. टोपलीला कान लावून बसणार आहे मी.