बँकॉक ते क्वालालंपूर : तिकिटावरचे तास आणि खरे तास

येरवड्यातून रिक्षा केली की लोहगाव विमानतळ चार-पाच किलोमीटरवर. त्यामुळे विमानतळ म्हणजे घराजवळचीच जागा, अशी आपल्या व्यापारी बांधवांची समजूत होऊन बसते. थायलंड आणि मलेशिया एकाच फेरीत उरकताना हीच समजूत महागात पडते. म्हणून आम्ही येथे बँकॉक ते क्वालालंपूर या टप्प्याचा हिशेब मांडत आहोत.

या दोन शहरांतील हवाई अंतर सुमारे १,२०० किलोमीटर, म्हणजे पुणे-दिल्लीपेक्षा किंचित जास्त. थेट विमानाला सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. पण तिकीट पाहून गोंधळ उडतो. जाताना सव्वातीन तास दिसतात आणि येताना सव्वाच तास! कारण क्वालालंपूरचे घड्याळ बँकॉकच्या एक तास पुढे आहे. वास्तविक दोन्ही शहरे जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. पण १ जानेवारी १९८२ पासून मलेशियाने आपल्या पूर्वेकडील साबा-सारवाकची वेळ साऱ्या देशाला लागू केली. बँकॉक भारताच्या दीड तास पुढे, तर क्वालालंपूर अडीच तास. म्हणूनच जोहरची वेळ बँकॉकमध्ये सव्वाबाराच्या सुमारास, तर क्वालालंपुरात सव्वाएकच्या सुमारास होते.

आता खरे तास मोजू. हॉटेलपासून विमानतळापर्यंत एक तास, उड्डाणाआधी तीन तास हजेरी, सव्वादोन तास प्रवास, पासपोर्ट तपासणी व सामानाला एक तास. क्वालालंपूरचा विमानतळ शहरापासून पन्नासहून अधिक किलोमीटरवर आहे. जलद रेल्वेने अर्धा तास आणि पुढे टॅक्सी. बेरीज आठ तासांवर जाते. सकाळी सहाला बँकॉकचे हॉटेल सोडणारा माणूस मस्जिद इंडियाच्या कापडबाजारात पोचतो, तेव्हा तेथे दुपारचे तीन वाजून गेलेले असतात. अर्धा दिवस गेला!

आणखी एक सावधगिरी. बँकॉकला दोन विमानतळ आहेत : सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग. स्वस्त तिकिटाची बरीच विमाने डॉन मुआंगहून सुटतात. एका विमानतळावर उतरून दुसऱ्याहून पुढे जायचे असेल, तर शहराची गर्दी पार करावी लागते. तिकिटावरील विमानतळाचे नाव नीट वाचावे.

मोठ्या व्यापाऱ्याचा एक दिवस वाया गेला तर त्याचे भागते. ज्या कारागिराने उधारीने भांडवल जमवले आहे, त्याचा मात्र हॉटेलचा एक मुक्काम वाढतो आणि घाऊक व्यापाऱ्याला दिलेली वेळ चुकते. वेळ देणे म्हणजे वायदा करणे होय. म्हणून प्रवासाच्या दिवशी सौद्याची वेळ देऊच नये. ती दुसऱ्या दिवशीची द्यावी. हा प्रवास शक्यतो शुक्रवारी ठेवू नये. मुसाफिरावर जुमा फर्ज नसला तरी, जुमाच्या वेळी मस्जिद इंडियाच्या बाजारातील व्यवहारही मंदावतो.

निघण्यापूर्वी हा हिशेब दोन्ही घड्याळांच्या वेळेसह कागदावर मांडावा. इन्शाअल्लाह, सफर सोपा होईल आणि शब्दही पाळला जाईल.