पुढच्या आयव्हीएफ सायकलआधी जुनी फाइल वाचा

ट्रान्सफरनंतर साधारण दोन आठवड्यांनी रक्ताची बीटा एचसीजी तपासणी होते आणि रिपोर्ट पुन्हा निगेटिव्ह येतो. मग घरात बोलणी सुरू होतात. हिने जिने चढायला नको होते, प्रवास टाळायला हवा होता, आता दवाखाना बदला, कुणाच्या तरी सुनेला अमुक इंजेक्शनने गुण आला. या गडबडीत आधीच्या सायकलची फाइल कपाटातच पडून राहते. घोडं नेमकं कुठे अडलं याचा सगळ्यात भरवशाचा पुरावा मात्र त्याच फाइलमध्ये असतो. पुढच्या सायकलसाठी पैसे भरण्याआधी ती टप्प्याटप्प्याने कशी वाचायची, ते पाहू.

आधी थोडा हिशेब

मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आलं. त्यानंतर प्रयोगशाळा कितीतरी सुधारल्या, तरी एकाच ट्रान्सफरमध्ये दिवस राहतील अशी हमी आजही कुणी देऊ शकत नाही. समजा एका ट्रान्सफरमधून मूल होण्याची शक्यता ३५ टक्के आहे. तर ओळीने तीन ट्रान्सफर वाया जाण्याची शक्यता २७ टक्के येते. म्हणजे कोणताही छुपा दोष नसताना चारांतल्या एका जोडप्याला हे भोगावं लागतं.

म्हणूनच 'इशरे' या युरोपातल्या वंध्यत्वतज्ज्ञांच्या संस्थेने २०२३ मध्ये अपयशांचा नुसता आकडा मोजणं सोडून दिलं. एखाद्या जोडप्याची गर्भ रुजण्याची आतापर्यंतची एकत्रित अपेक्षित शक्यता ६० टक्क्यांच्या पुढे गेली आणि तरीही गर्भ रुजला नाही, तर खोलात जाऊन तपासण्या करा, असं ती संस्था सांगते. तिशीतल्या बाईची तीन अपयशं आणि बेचाळिशीतल्या बाईची तीन अपयशं यांचा अर्थ वेगळा असतो, तो यामुळेच.

एम्ब्रियॉलॉजीचा कागद

फाइलमधला सगळ्यात मोलाचा कागद प्रयोगशाळेचा असतो. तो नसेल तर मागून घ्या. त्यावर चार आकडे शोधायचे: किती अंडी मिळाली, त्यांतली पक्व किती, फलन किती अंड्यांचं झालं आणि पाचव्या-सहाव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट किती झाले. समजा १२ अंडी निघाली, ९ पक्व होती, ६ फलित झाली आणि त्यांतून २ किंवा ३ ब्लास्टोसिस्ट झाले. ही गळती नेहमीची आहे. प्रत्येक टप्प्यावर संख्या कमी होणारच. पाहायचं ते इतकंच, की नेहमीपेक्षा जास्त गळती कुठे झाली.

अंडीच कमी मिळाली असतील तर इंजेक्शनांचा डोस आणि पद्धत बदलण्याबद्दल बोलता येतं. अंडी भरपूर पण कच्ची निघाली असतील तर शेवटच्या ट्रिगर इंजेक्शनची निवड आणि वेळ तपासावी लागते. पक्व अंडी असूनही फलन झालं नसेल तर इक्सी पद्धतीचा, म्हणजे शुक्राणू थेट अंड्यात सोडण्याचा विचार होतो. तिसऱ्या दिवसापर्यंत गर्भ छान वाढले आणि पुढे थांबले, तर अंड्यांबरोबर शुक्राणूंकडेही बघायला हवं, कारण साधारण याच सुमारास गर्भाची स्वतःची जनुकं कामाला लागतात.

चांगल्या दर्जाचा ब्लास्टोसिस्ट गर्भाशयात सोडूनही तो रुजला नाही, तर बहुतेक वेळा कारण गर्भाच्या गुणसूत्रांत सापडतं. वय वाढतं तशी गुणसूत्रांची संख्या चुकलेली अंडी वाढतात आणि चाळिशीनंतर निम्म्याहून अधिक गर्भांत हा दोष असतो. एएमएचचा रिपोर्ट अंडी किती उरली याचा अंदाज देतो, ती कशी आहेत हे सांगत नाही.

पीजीटी-ए तपासणीने गुणसूत्रं मोजता येतात. ती गर्भ दुरुस्त करत नाही, असलेल्यांतून निवड करते. हाती तीन-चार ब्लास्टोसिस्ट असतील, वय जास्त असेल किंवा गर्भपात झाले असतील, तर तिचा उपयोग होतो. एकच गर्भ असेल तर निवडायलाच काही नसतं. आपल्याकडच्या १९९४ च्या लिंगनिदानविरोधी कायद्यामुळे या रिपोर्टमध्ये गर्भाचं लिंग सांगता येत नाही.

नवऱ्याचा रिपोर्ट किती जुना आहे?

बाईच्या दहा तपासण्या होतात आणि नवऱ्याचा दोन वर्षांपूर्वीचा एक रिपोर्ट तेवढा फाइलला लावलेला असतो. तो नव्याने करून घ्या. एक शुक्राणू तयार होऊन बाहेर यायला सुमारे अडीच-तीन महिने लागतात. त्यामुळे आज सोडलेली सिगारेट किंवा तंबाखू तीन महिन्यांनंतरच्या सायकलला उपयोगी पडते, आणि गेल्या महिन्यातल्या जोरदार तापाचा परिणाम आत्ताच्या नमुन्यात दिसतो. जिममध्ये कुणाच्या सांगण्यावरून टेस्टोस्टेरॉन किंवा स्टेरॉइडची इंजेक्शनं घेतली असतील तर डॉक्टरांपासून लपवू नका. त्यांनी शुक्राणू तयार होणं थांबू शकतं. व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाभोवतीच्या फुगलेल्या शिरा, आणि वाढलेली साखर हीसुद्धा उपचार होऊ शकणारी कारणं आहेत.

गर्भाशय आणि नळ्या

सोनोग्राफीत अस्तराची जाडी, पॉलिप आणि पोकळीत शिरलेली फायब्रॉइडची गाठ पाहतात. शंका असेल तर हिस्टेरोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतून पाहणी करतात. पडदा, चिकटलेला भाग, अस्तराची जुनाट सूज अशा गोष्टी तिथे सापडतात आणि बऱ्याचदा दुरुस्तही होतात. अ‍ॅडिनोमायोसिस असेल तर फ्रोझन ट्रान्सफरआधी काही आठवडे संप्रेरकांचे उपचार देण्याचा विचार होतो.

आयव्हीएफला नळ्या लागत नाहीत म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं. नळीत पाणी साठलेलं असेल, म्हणजे हायड्रोसाल्पिंक्स असेल, तर ते पाणी गर्भाशयात उतरून रुजण्यात अडथळा आणतं आणि यशाची शक्यता जवळपास निम्मी होते. ती नळी लॅप्रोस्कोपीने काढली किंवा बांधली की फरक पडतो, हे नीट सिद्ध झालं आहे.

आपल्याकडे जननमार्गाचा क्षयरोगही ध्यानात ठेवावा लागतो, कारण तो नळ्या आणि अस्तर दोन्ही बिघडवतो. पण नुसता अस्तराचा टीबी पीसीआर पॉझिटिव्ह आला म्हणून एकेटी, म्हणजे क्षयरोगाची सहा महिन्यांची औषधं सुरू करण्याआधी दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या. बाकी लक्षणं आणि तपासण्या जुळल्याशिवाय तेवढ्यावर निदान करू नये.

रक्ताच्या मोजक्या तपासण्या

थायरॉइड आणि साखर तपासून आटोक्यात आणायलाच हवी. गर्भपात झाले असतील किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास असेल तर अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी पाहतात. ती पॉझिटिव्ह आली तर किमान १२ आठवड्यांनी पुन्हा करूनच निदान पक्कं होतं. नवरा-बायको दोघांचं कॅरिओटाइपिंग, म्हणजे गुणसूत्रांची तपासणीही एकदा करण्यासारखं आहे. एखाद्याच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झालेले असतील, तर तो माणूस ठणठणीत असूनही त्याच्या बऱ्याच गर्भांत दोष येऊ शकतो.

ट्रान्सफरचा दिवस

मऊ कॅथेटर, पोटावरून सोनोग्राफी आणि त्यासाठी भरलेलं मूत्राशय: पडद्यावर कॅथेटरचं टोक दिसतं आणि गर्भाशयाच्या माथ्यापासून साधारण एक-दीड सेंटिमीटर अलीकडे द्रवाचा चमकता ठिपका उमटतो. मागच्या वेळी कॅथेटर अडखळला होता, रक्त आलं होतं, हे फाइलमध्ये लिहिलेलं असेल तर पुढच्या वेळी आधी रिकाम्या कॅथेटरने सराव करून घेता येतो. गोळ्यांवर अस्तर वाढवलं असेल तर रक्तातलं प्रोजेस्टेरॉन पुरेसं आहे का, हेही विचारा. कमी असल्यास डोस वाढवता येतो.

नंतर अंथरुणाला खिळून राहण्याने यश वाढत नाही. चालल्याने, जिना चढल्याने गर्भ 'पडत' नाही. दोष कुणाच्या माथी मारायचा नाही, हे घरातल्या थोरामोठ्यांनाही समजावून सांगायला हवं.

महागडी भर

अपयशाने खचलेल्या जोडप्यापुढे जादा उपचारांची यादी ठेवली जाते. त्यांतल्या काहींची मोठी परीक्षा झाली आहे. अस्तर खरवडण्याचा, म्हणजे स्क्रॅचिंगचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पाच देशांतल्या १,३६४ स्त्रिया होत्या आणि मूल होण्याचं प्रमाण स्क्रॅचिंग केलेल्या आणि न केलेल्या दोन्ही गटांत तंतोतंत २६.१ टक्के आलं. ट्रान्सफरची वेळ ठरवणाऱ्या अस्तराच्या जनुकीय तपासणीचा ७६७ स्त्रियांवरचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही फायदा दिसला नाही. इन्ट्रालिपिड आणि आयव्हीआयजीची सलाइनं सरसकट देऊ नयेत, असं इशरेचंही म्हणणं आहे.

जादा उपचार सुचवला की तीन गोष्टी विचारा: माझ्या फाइलमधल्या कोणत्या नोंदीसाठी हा देताय? यामुळे मूल होण्याचं प्रमाण किती वाढल्याचं दिसलं आहे? आणि नाही घेतला तर काय होईल? चांगले डॉक्टर या प्रश्नांनी दुखावत नाहीत.

पुढचं पाऊल

भेटीआधी एका कागदावर प्रत्येक सायकलचा तक्ता करा: औषधं आणि डोस, ते चार आकडे, अस्तराची जाडी, गर्भाचा दर्जा, निकाल. दुसरं मत घ्यायचं असेल तर हाच कागद न्या. नव्या सायकलमध्ये मागच्यापेक्षा काय वेगळं करणार आणि का, याचं उत्तर मिळेपर्यंत घाई करू नका. वय चाळिशीच्या पुढे असेल तर मात्र अनावश्यक तपासण्यांत महिने घालवणंही परवडत नाही.

किती सायकल करायच्या आणि किती खर्च करायचा, हे दोघांनी सुरुवातीलाच ठरवावं. निगेटिव्ह रिपोर्टच्या दिवशी असा निर्णय शांतपणे होत नाही. अंड्यांचाच प्रश्न असेल तर २०२१ च्या सहाय्यक प्रजनन (एआरटी) कायद्यानुसार नोंदणीकृत बँकेतून २३ ते ३५ वयाच्या दात्या स्त्रीची अंडी घेता येतात आणि त्याने शक्यता बरीच वाढते. दत्तक घेण्याचा विचार असेल तर वेळेचं भान ठेवा. 'कारा' या केंद्रीय दत्तक यंत्रणेच्या नियमांप्रमाणे दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी नवरा-बायकोच्या वयाची बेरीज ८५ च्या पुढे चालत नाही, आणि वय नोंदणीच्या तारखेला मोजतात. म्हणून ही माहिती उपचार चालू असतानाच काढून ठेवावी.