शंभर सर्व्हर एका रात्रीत तयार होतात, मग 'नेक्स्ट-नेक्स्ट' दाबतं कोण?

२१ मे २०२५. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशनोंदणीचा पहिलाच दिवस, आणि वेबसाइट बसली. त्याआधी ही पद्धत मुंबई महानगर, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर, अमरावती एवढ्यापुरतीच होती. त्या वर्षी ती पहिल्यांदा अख्ख्या राज्याला लागू झाली. म्हणजे डहाणूजवळच्या आगरची मुलगी आणि पुण्याच्या कोथरूडचा मुलगा एकाच वेळी एकाच दारात उभे. शेवटी नोंदणी २६ मेवर ढकलली गेली. कोथरूडच्या मुलाने घरबसल्या पुन्हा प्रयत्न केला असता. तलासरीच्या एखाद्या पाड्यावरून फॉर्म भरायला गावात आलेल्याचं मात्र गाडीभाडं गेलं आणि दिवसही गेला.

अशी गर्दी एका सर्व्हरला झेपत नाही. मग दहा, पन्नास, शंभर मशिन लावतात. आता प्रश्न असा, की या प्रत्येक मशिनवर सॉफ्टवेअर टाकतं कोण?

आधी वेब सर्व्हर म्हणजे काय ते बघू. तुम्ही मोबाइलवर पत्ता टाकला की पलीकडून पान काढून देणारा प्रोग्रॅम म्हणजे वेब सर्व्हर. अपाची १९९५ पासून आहे, एन्जिनएक्स २००४ पासून. दोन्ही फुकट मिळतात. पण टाकताना मशिन प्रश्न विचारतं. भाषा कोणती? डिस्कचे भाग कसे पाडू? जुनी फाइल ठेवू की नवी घेऊ? एका मशिनवर हे सोपं आहे. पन्नासाव्या मशिनवर माणूस कंटाळतो आणि एखादं उत्तर वेगळं देतो. खरा घोळ तिथे होतो.

यावरचा उपाय म्हणजे उत्तरं आधीच लिहून ठेवायची. रेड हॅट लिनक्समध्ये या उत्तरपत्रिकेला किकस्टार्ट म्हणतात, डेबियनमध्ये प्रीसीड. विंडोजमध्येही तशी फाइल असते. नवं मशिन चालू झालं की ते पेनड्राइव्ह न शोधता नेटवर्कवरूनच सिस्टिम मागवतं, उत्तरपत्रिका वाचतं आणि स्वतःला बसवून घेतं. समोर खुर्चीत कोणी नसलं तरी चालतं.

सिस्टिम बसली, पण त्यावर एन्जिनएक्स, त्याच्या सेटिंग, सुरक्षेचं प्रमाणपत्र हे सगळं उरतंच. इथे अ‍ॅन्सिबलसारखी साधनं येतात. हे २०१२ साली आलं आणि २०१५ मध्ये रेड हॅटने विकत घेतलं. एका फाइलमध्ये मशिनची यादी, दुसऱ्या फाइलमध्ये कामं. ही दुसरी फाइल म्हणजे प्लेबुक. त्यात 'एन्जिनएक्स असलं पाहिजे, ही सेटिंग फाइल अशी असली पाहिजे, सेवा चालू असली पाहिजे' असं लिहायचं. बारकावा त्या 'असलं पाहिजे'मध्ये आहे. हुकूम 'टाक' असा नसतो. आधीच असेल तर अ‍ॅन्सिबल हात लावत नाही, नसेल तरच बसवतं. त्यामुळे तेच प्लेबुक दहादा चालवलं तरी बिघाड होत नाही, आणि मध्येच वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून चालवता येतं.

घोलवड-डहाणूच्या वाडीवाल्यांना हे नव्याने सांगायला नको. चिकूची बी लावली तर झाड कसं निघेल याचा भरवसा नसतो, कलम मात्र आईसारखंच निघतं. तयार सर्व्हरची हुबेहूब प्रत काढण्याची पद्धतही आहे, तिला इमेज म्हणतात. ते थेट कलमच.

हाताने करण्यात इतका काय धोका? अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर कंपनीचं उदाहरण घ्या. २०१२ मध्ये त्यांनी आठ सर्व्हरवर नवा कोड टाकायला घेतला. सातांवर पडला, आठवा राहिला. १ ऑगस्टला बाजार उघडला आणि त्या एका सर्व्हरवरचा जुना कोड जागा होऊन धडाधड सौदे करू लागला. साधारण ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरच्या वर नुकसान झालं. कंपनी पुढे स्वतंत्र राहिलीच नाही.

पण ऑटोमेशन आलं म्हणजे निर्धास्त झोपा, असंही नाही. माणसाची चूक एका मशिनवर होते, प्लेबुकमधली चूक सगळ्या मशिनवर, तीही एकदम. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकचा एक सदोष अपडेट आपोआप गेला आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळे पडले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, ते फोटो तुम्ही शेअरही केले असतील.

आणखी एक गोष्ट, जी सरकारी टेंडरच्या भाषेत हमखास हरवते. शंभर वेब सर्व्हर लावले आणि मागे डेटाबेस एकच, तोही मंद, तर रांग फक्त पुढच्या दारातून मागच्या दारात सरकते. सॉफ्टवेअर आपोआप बसवल्याने तो प्रश्न सुटत नाही. वेळ मात्र वाचतो, आणि त्या वेळात खोटी गर्दी पाठवून वेबसाइट तपासता येते.

म्हणून शहाणी टीम सगळीकडे एकदम हात घालत नाही. प्लेबुक आधी एकाच मशिनवर चालतं, मग पाचांवर, मग उरलेल्यांवर. प्रत्येक मशिन नीट पान देतंय का, हे पुढचा लोड बॅलन्सर दर काही सेकंदांनी विचारत राहतो. उत्तर बरोबर आलं नाही तर त्या मशिनकडे एकही विद्यार्थी पाठवला जात नाही.