पावसाळ्याचे कापड : काय विकावे, काय शिवावे आणि ग्राहकाला काय सांगावे

मृग नक्षत्र तोंडावर आले की आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या कापड दुकानांत ग्राहकाची एकच मागणी सुरू होते, "पावसात चालेल असे काही दाखवा." आपण हाताशी असलेला ताका त्याच्यापुढे उलगडतो, भाव सांगतो आणि मीटर टाकतो. पण पावसात चालणारे कापड म्हणजे नेमके कोणते, हे समजावून सांगणारे दुकानदार थोडेच. घरी गेल्यावर कापड आकसते, रंग सुटतो, कुबट वास येऊ लागतो. पुढच्या खेपेला तोच ग्राहक सरळ सुरतेची गाडी पकडतो. सुरत आपल्याला जवळ आहे, पण ती आपल्या ग्राहकालाही तितकीच जवळ आहे, ही गोष्ट व्यापारी बांधवांनी विसरू नये. भावात सुरतेशी टक्कर देणे आपल्याला कठीण आहे. मालाची खरी माहिती देण्यात मात्र आपण कोणाच्या मागे राहण्याचे कारण नाही.

ओलावा धरणारे आणि न धरणारे

प्रत्येक धागा हवेतला ओलावा कमी-अधिक धरतो. प्रमाणित हवेत १०० ग्रॅम कोरडा कापूस सुमारे साडेआठ ग्रॅम ओलावा धरतो. रेयॉन, ज्याला व्हिस्कोज म्हणतात, ते सुमारे ११ ते १३ ग्रॅम धरते. नायलॉन सुमारे ४ ग्रॅम, तर पॉलिस्टर अर्ध्या ग्रॅमहूनही कमी धरते. पावसाळी कापडाचा बहुतेक हिशेब या आकड्यांत आहे.

सुती कापड घाम शोषते म्हणून अंगाला बरे वाटते, पण भिजले की लवकर वाळत नाही. पॉलिस्टर झटकले की निम्मे पाणी निघून जाते, पण घाम अंगावरच राहतो आणि उघडीप होऊन ऊन पडले की जीव घाबरा होतो. म्हणूनच ६७ भाग पॉलिस्टर आणि ३३ भाग कापूस असे टेरीकॉट इतकी वर्षे बाजारात टिकून आहे. ते लवकर वाळते, चुरगळत नाही आणि थोडाफार घामही शोषते.

रेयॉनबद्दल ग्राहकाला मुद्दाम सांगावे. ते दिसायला रेशमासारखे आणि अंगाला मऊ असते, त्यामुळे भगिनींचे कुर्ते आणि दुपट्टे त्यात फार खपतात. पण ओले झाले की त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते. सुताचे याच्या उलट आहे, ओले सूत अधिक मजबूत होते. त्यामुळे सुती कपडा दगडावर आपटून धुतला तरी सोसतो, रेयॉनचा कुर्ता मात्र पिळतानाच जातो. ग्राहक म्हणतो, "माल कच्चा दिला." माल कच्चा नसतो, आपण सांगितलेले नसते.

तालुका पाहून माल ठेवा

आपल्या जिल्ह्यात पाऊस सगळीकडे सारखा नाही. नंदुरबार, शहाद्याकडे पाऊस येतो, थांबतो आणि मध्ये उकाडा होतो. तिथे टेरीकॉट आणि पातळ सुती मिश्र कापड चालते. नवापूरकडे पाऊस जास्त आणि भाताची लावणी चिखलात असते. शेतात वाकून काम करणाऱ्या बाईला लवकर वाळणारी, हलकी सिंथेटिक साडी लागते. अक्कलकुवा, धडगावच्या डोंगरात आणि तोरणमाळसारख्या ठिकाणी हवा थंड असते. तिथे आत सुती आणि वर पाणी न धरणारे कापड, अशी जोडी सांगावी. बाजारच्या दिवशी गाठोडे घेऊन जाणाऱ्यांनी सर्व गावांना एकच माल नेऊ नये.

शोभा आणि शालीनता

पावसात नीटनेटके दिसण्यासाठी महाग कपडा लागत नाही, कपड्याचे माप आणि रंग विचाराने निवडावे लागतात. घेरदार कुर्ता आणि लांब पायघोळ वस्त्र जमिनीचे पाणी वर ओढते. सरळ कटाचा, गुडघ्यापर्यंतचा कुर्ता आणि घोट्याच्या वर राहणारा पायजमा चिखलापासून वाचतो आणि नमाजच्या वेळी कपडे पाक राखणेही सोपे जाते. बुरख्याचे निदा कापड पॉलिस्टरचे असल्याने लवकर वाळते, मात्र त्याची खालची कड जमिनीपासून दोन बोटे वर ठेवावी. तरुण मुले पावसाळ्यातही जीन्स सोडत नाहीत. जाड सुती जीन्स भिजली की घरात दोन-दोन दिवस वाळत नाही, हे त्यांना सांगून टेरीकॉटची एक पँट जोडीला द्यावी.

पांढऱ्या रंगाबाबत एक गोष्ट महत्त्वाची आहे. मलमल किंवा पातळ पांढरे कापड भिजले की अंगाला चिकटते आणि आरपार दिसते. सतरचा प्रश्न पुरुषांनाही आहे आणि स्त्रियांना तर अधिकच. पांढराच हवा असेल तर दाट विणीचा घ्यावा, नाहीतर बदामी, राखाडी, गडद निळा असे रंग सुचवावेत. गडद रंगावर चिखलाचे शिंतोडेही दिसत नाहीत.

पण सुती कापडातला गडद रंग कच्चा असेल तर पहिल्याच सरीत तो बनियनवर उतरतो. याची पारख सोपी आहे. पांढरा ओला रुमाल कापडावर आठ-दहा वेळा जोराने घासा. रुमाल रंगला तर समजा, रंग कच्चा आहे किंवा रंगाऱ्याने सुटा रंग धुऊन काढलेला नाही. खरेदीच्या वेळी खिशात पांढरा रुमाल ठेवणारा व्यापारी फसत नाही.

शिलाईत काय सांभाळावे

कारागीर बांधवांसाठी दोन-तीन गोष्टी. सिंथेटिक साडीला कोरा सुती फॉल लावला की पहिल्या भिजण्यात फॉल आकसतो, साडी आकसत नाही, आणि कड गोळा होते. फॉल, अस्तर आणि कॉलरचे बकरम आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवून घ्यावे. सिंथेटिक कापडावर सुती दोरा वापरला तर शिलाईला सुरकुत्या पडतात, तिथे पॉलिस्टरचाच दोरा वापरावा. लोखंडी हूक आणि बटणे गंजून डाग पाडतात, त्याऐवजी प्लास्टिकची लावावीत.

रेनकोट शिवून घेणारे ग्राहकही येतात. कापड कितीही पाणीबंद असले तरी सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी आत येते. चांगल्या रेनकोटच्या शिलाईवर आतून पट्टी उष्णतेने चिकटवलेली असते. तयार रेनकोट विकताना तो उलटा करून ही पट्टी ग्राहकाला दाखवा. पट्टी नसेल तर तो रिमझिम पावसापुरता आहे, हे स्पष्ट सांगून त्या भावात द्या.

दुकानातला माल

बुरशीला ओल आणि खळ दोन्ही आवडतात. खळ दिलेले कोरे सुती ताके म्हणूनच सर्वांत आधी खराब होतात. ताके भिंतीला टेकवून ठेवू नयेत, मध्ये हात जाईल एवढी जागा सोडावी. सर्वांत खालचा कप्पा पावसाळ्यात रिकामा राहिला तर उत्तम. ऑगस्ट २०१८ मध्ये रंगावली नदीच्या पुराचे पाणी नवापूर शहरात शिरले, तेव्हा खालच्या मालाचे काय होते हे सर्वांनी पाहिले. डांबरगोळ्या किड्यांसाठी आहेत, बुरशीवर त्यांचा भरवसा धरू नये. उघडीप मिळेल त्या दिवशी ताके उलगडून हवा द्यावी.

पावसाळ्याच्या सुरुवातीला शेतकऱ्याचा पैसा बियाणे आणि खतात गेलेला असतो, त्यामुळे उधारी वाढते. अशा वेळी भांडवल ताक्यांत अडकवू नये. सुरत आणि मालेगाव दोन्ही आवाक्यात असताना थोडा-थोडा माल आणणे शहाणपणाचे. मात्र रोजच्या खपाचे कापड तीन-चार आठवडे पुरेल इतके असावे. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुराने सुरत शहर पाण्याखाली गेले होते, तशी वेळ आली की गाडी जवळ असूनही माल येत नाही.

ओल लागलेला माल

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. पावसाळ्यात प्रत्येक दुकानात एखाद-दुसऱ्या ताक्याला ओल लागतेच. तो ताका इस्त्री करून, डाग आतल्या घडीत दडवून विकण्याचा मोह होतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आत ओल लागली. विक्रेत्याने पावसाने भिजल्याचे सांगितले. त्यावर, भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे विचारून त्यांनी फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे बजावले. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे आणि पावसाळ्यातल्या व्यापाऱ्याला तिचा अर्थ वेगळा समजावण्याची गरज नाही.

डाग लागलेला ताका वेगळा काढा, डाग वर ठेवा आणि भाव उतरवा. उशांचे अभ्रे, गोधडीचे अस्तर, पिशव्या यांसाठी असे कापड घेणारे ग्राहक असतातच. मीटरमागे काही रुपये कमी मिळतील, पण ती कमाई हलाल असेल आणि बरकत त्यातच आहे.